रंगनाथआप्पांची लाटांची डायरी

आमची मुक्कामी गाडी संध्याकाळी पाचच्या सुमाराला कोकणातल्या शेवटच्या थांब्यावर लागायची. दिवसभर गाडी हाकून आलेला कुठलाही ड्रायव्हर आधी चहा शोधतो. रंगनाथआप्पा मात्र स्टिअरिंग सोडलं की थेट किनाऱ्यावर जायचे, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओल्या वाळूत उभे राहायचे आणि बोटांची पेरं मोजत समुद्राकडे बघत राहायचे. त्यांच्या गाडीवर कंडक्टर म्हणून मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला वाटलं माणूस जप करतोय. मी गुपचूप मागे उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ते वळले आणि म्हणाले, "मास्तर, दोन लाटांच्यात अंतरच न्हाई. पाणी घाईत हाय. आज नगं, सकाळच्याला बघू."

काय बघायचं, ते मला सकाळी कळलं. सूर्य डोंगराआडून वर येत होता आणि आमचे ड्रायव्हर निळ्या चड्डीत, एका लांबलचक फळीवर दोन्ही हात पसरून उभे, लाटेवरून किनाऱ्याकडे येत होते. पोट थोडं पुढे, मिशा ओल्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी हातातला चहा प्यायचाच विसरलो.

मी दौंड तालुक्यातल्या खुटबावचा, आप्पा भीमेकाठच्या वडगाव रासाईचे. दोघंही शिरूरच्या डेपोत. आमच्याकडे पाणी म्हणजे नदी, नाहीतर कालव्याचं आवर्तन. आप्पा नदीत पोहून मोठे झालेले; त्या जोरावर, मी त्यांच्या गाडीवर यायच्या आधी, बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्रात उतरले आणि समुद्राने त्यांना उचलून वाळूत आपटलं. तिथे रेश्मा नावाची एक बाई नवऱ्याबरोबर सर्फिंग शिकवायची. ती हसत म्हणाली, "काका, नदी एकाच बाजूला जाते. हा येतोपण आणि नेतोपण." आप्पांना ते इतकं पटलं, की पुढच्या मुक्कामाला ते मुलाची कबड्डीची चड्डी पिशवीत घालूनच आले.

फळीवर नीट उभं राहायला त्यांना सहा महिने लागले. प्रत्येक वेळी पडले की नाकातलं पाणी शिंकरत म्हणायचे, "लाट टायमावर हुती, मीच लेट." डेपोत मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मलाही बजावलं होतं, "बोलू नगा मास्तर. म्हनतील, ड्रायव्हरचं डोकं फिरलंय. मंग ह्यो कोकनचा रूट जाईल हातचा."

एक जुनी डायरी त्यांच्या सीटमागे असायची. आमची ड्युटी कोकणातल्याच वेगवेगळ्या गावांना लागे, आणि प्रत्येक मुक्कामाचा किनारा त्यांनी तिच्यात उतरवून ठेवला होता. भाषा सगळी ड्रायव्हरची. "दीपगृहाखालची पुळण : लाट डावीकडनं मोडत येती. रोड चांगला, शिकाऊ माणसाला चालंल. ओहोटीला खडक वर येत्यात, तवा गाडी भाईर काढायची." "सुरूच्या बनापुढं : सकाळी वारा जमिनीवरनं येतो, लाट ताठ उभी ऱ्हाती. दुपारी वारा फिरला की नुसतं खड्डं." "खाडीचं तोंड : वरनं गुळगुळीत, आतनं ओढ. उतारावर ब्रेक गेल्यावानी. नवख्यानं जायचंच न्हाई." पावसाळ्यासाठी एक अख्खं पान होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरात दोनच शब्द, "रस्ता बंद".

त्यातलं खाडीचं पान माझ्या चांगलंच लक्षात राहिलं. एकदा सकाळी नऊला गाडी भरून निघालो. खाडीच्या वळणावर आप्पांनी इतक्या जोरात ब्रेक दाबला की टोपल्या, पिशव्या सगळं पुढे आलं. ते खिडकीतून खाली बघत होते. पाण्यात एक नवरा-बायको होते, शहरातून आलेले असावेत. किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत होते, पण दर हाताला मागेच जात होते.

"मास्तर, ओहोटी लागलीय. गाडी सांभाळा," एवढं बोलून आप्पा उडी मारून उतरले. रेश्माची झोपडी तिथून हाकेच्या अंतरावर. तिथली एक फळी त्यांनी बगलेत मारली आणि बूट फेकून खाकी कपड्यांनिशी पाण्यात घुसले. मला पोहता येत नाही. मी गाडीच्या पायरीवर दांडा धरून नुसता उभा राहिलो.

आप्पा ओढीबरोबरच गेले. दिसेनासे होतील इतके आत गेले. गाडीतली एक बाई रडायला लागली. मग फळी दिसली, दोन बाजूंना दोघं चिकटलेले, आणि मागून आप्पा पाय मारतायत. ते किनाऱ्याकडे येतच नव्हते! आडवे, दूरच्या वाळूच्या उंचवट्याकडे चालले होते. तिथे लाटा फुटत होत्या. एका लाटेने तिघांनाही उचललं आणि अलगद उथळ पाण्यात आणून सोडलं. अख्ख्या गाडीने टाळ्या वाजवल्या. तोवर रेश्मा टॉवेल घेऊन धावत पोचली होती.

आप्पा परत आले, सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली आणि ओल्या कपड्यांनी गाडी सुरू केली. माशांची टोपली घेऊन बसलेली म्हातारी म्हणाली, "ड्रायव्हरा, उद्या गाडीपण पाण्यात घालतलास काय?" आप्पा एवढे हसले की गिअर पडेना.

घाट चढताना मी विचारलं, "आप्पा, सरळ किनाऱ्याला का न्हाई आला?"

"ओढीसंगं भांडत बसलं की मानूस दमतंय. तिला जाऊ द्यायचं पुढं, आन् आपुन बाजूनं निघायचं."

गाडी उशिरा पोचल्याचा खुलासा डेपोत साहेबांना द्यावा लागला. आप्पांनी एकच ओळ लिहिली : "वाटेत पाण्यात दोन प्रवासी होते, ते घेतले." साहेबांनी ती दोनदा वाचली, आम्हाला समोर बसवून सगळी हकीकत काढून घेतली आणि शेवटी विचारलं, "मला शिकवाल का हो?" त्यानंतर डेपोत आप्पांचं नावच दर्यासारंग पडलं. रूट काही गेला नाही. रेश्माने डायरीतली पानं पत्र्यावर रंगवून किनाऱ्या-किनाऱ्यावर लावली. एक शब्दही बदलला नाही.

गेल्या वर्षी आप्पा निवृत्त झाले. महिन्याभराने सकाळी शिरूरला गाडी लावली, तर पहिल्या बाकावर तेच, प्रवासी म्हणून. शेजारी मंगलकाकू, त्यांच्या मंडळी. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मला हळूच म्हणाल्या, "हे सांगत्यात ते खरं हाय का वो? मला तर वाटायचं, थापा मारत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माचा ड्रेस घालून काकू गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. आप्पांनी त्यांना फळीवर पालथं झोपवलं.

"आवं, सोडू नगा! धरलंय न्हवं?"

"धरलंय, धरलंय," म्हणत आप्पांनी लाट येताच फळी ढकलून दिली. काकूंची किंकाळी निघाली, आणि अर्ध्या वाटेतच तिचं हसू झालं. वाळूत फळी टेकली तरी त्या उठेनात. केस तोंडावर, अंगभर वाळू, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. आप्पा धापा टाकत पोचले तेव्हा त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं एकटंच मजा मारताय व्हय? चला, पुन्यांदा!"

गाडीची वेळ झाली. मी हाक मारली. आप्पा छातीभर पाण्यातून ओरडले, "तुम्ही निघा मास्तर! हिचं झालं की येतो!"

मी नव्या ड्रायव्हरला घंटी दिली. मागच्या काचेतून बघितलं, तर काकूंनी फळी उचलून पुन्हा पाण्यात ओढत नेली होती आणि आप्पा त्यांच्यामागे पळत होते. दोघं परत आले ते आठ दिवसांनी.