संध्याकाळचे पोहे

लातूरच्या दवाखान्यात मी नर्स आहे. रात्रपाळीनं झोपेचं पार वाटोळं झालंय. काल उठून दात घासले आणि पोह्यांच्या फोडणीच्या वासानं थेट लहानपणीच्या नांदेडच्या रेल्वे क्वार्टरात पोचले.

बाबा मालगाडीचे गार्ड. एकदा रात्रीची गाडी करून आले, दिवसभर झोपले आणि उठल्यावर पहाट समजून दुधाची किटली घेऊन निघाले. शेजारचे रशीदचाचा ओरडले, "गार्डसाब, दिवस मावळून राहिला की!" मी खो खो हसले. आईनं मला दटावलं, "त्यांची सकाळच हाय ही," आणि पोहे टाकले. मला वाटलं, उगीच लाड.

काल लेकीला शाळेची घाई करत स्वयंपाकघरात गेले, तर खिडकीबाहेर दिवेलागण! लेक हसत सुटली. नवरा पोह्यांवर लिंबू पिळत तिला म्हणाला, "हसू नको. मम्मीची सकाळच हाय ही."