खारी आणि अण्णारावांचा आग्रह

घाटनांदूरच्या पेठेत अण्णारावांचं किराणा दुकान आहे आणि त्याच्यासमोरून सरळ चालत जाणं कुणालाच जमत नाही. अण्णाराव गादीवरून उठून येतात, मनगट धरतात आणि आत नेऊन बसवतात. चहा झाला की पोहे, पोह्यांनंतर खजूर. नको म्हणणाऱ्याला ते लाजाळू समजतात आणि दुप्पट वाढतात. माझं खताचं दुकान बरोबर समोर, त्यामुळं माझं पोट कित्येक वर्षं त्यांच्याच ताब्यात आहे. उपास सांगितला तर साबुदाणा येतो. पोट बिघडलंय म्हटलं तर ताक येतं, तेही तांब्याभर.

माणूस सोन्यासारखा, पण हात धरला तरच माणसं थांबतात अशी त्यांची पक्की समजूत. त्यांचा मुलगा वीरेश पुण्यात नोकरीला आहे. तो गाडीतून उतरायच्या आत ‘किती दिवस राहणार?’ हा प्रश्न त्याच्या अंगावर यायचा आणि तो बिचारा दिवस मावळायच्या आत परत निघायचा. मग अण्णा मला म्हणायचे, “मीच आग्रह कमी केला बघा, म्हणून गेला.”

अशा माणसाच्या दुकानात गेल्या उन्हाळ्यात एक मांजर आलं. शेंगदाण्याच्या पोत्यांमागच्या उंदरांच्या वासानं आलेलं, खारी बिस्किटाच्या रंगाचं. अण्णांनी तिचं नाव खारी ठेवलं आणि लगेच पाहुणचार सुरू केला. पातेलंभर दूध पुढं आलं. तिनं थोडं पिऊन तोंड फिरवलं, तर अण्णांनी उचलून परत पातेल्याशी बसवलं. “संकोचायली,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी साखरेच्या पोत्यावर त्या दुधाचा निकाल लागला आणि त्यांच्या पत्नी नीलाबाईंनी गिऱ्हाइकांदेखत त्यांना झापलं.

“तिला दूध पचत न्हाई. साधं पाणी ठेवा.”

मग अण्णांनी अंबाजोगाईहून मांजराच्या खाण्याचं पाकीट आणलं. पाकिटावर मासोळीचं चित्र. लिंगायत वाण्याचं घर, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. अण्णांनी चित्रावर जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवला आणि पाकीट फळीवर ठेवलं. खारी उंदीर खायची, त्याचं मात्र त्यांना काही वाटत नव्हतं. ते तिचं तिनं कमावलेलं होतं.

खारीचं वागणं अण्णांना नेमकं उलटं कळायचं. तिनं शेपूट आपटायला सुरुवात केली की हे खूश. “बघा, वळखायली मला.” मी सांगितलं, अण्णा, शेपूट हलवून खूश होतो तो कुत्रा. मांजर शेपूट आपटतं म्हणजे आता पुरे म्हणतंय. पण ‘पुरे’ हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी ऐकून घेतला नव्हता. एकदा ती गादीवर उताणी पसरली. अण्णांना वाटलं, आमंत्रणच आलं. त्यांनी प्रेमानं तिच्या पोटावर हात ठेवला आणि खारीनं चारी पायांनी त्यांचं मनगट सोलून काढलं.

“पोट दावलं, म्हणून हात लावला. मग वरबाडलं कावून?” हळद लावून घेताना ते विचारत होते.

“पोट दावलं म्हंजी ती निवांत हाय, येवढंच,” नीलाबाई म्हणाल्या. “हात लावा म्हणली का ती?”

नीलाबाई स्वतः तिच्याकडं ढुंकूनही बघत नसत. त्या ज्वारी निवडायला बसल्या की खारी यायची, त्यांच्या पायाला गाल घासून ‘ही माझी’ असा शिक्का मारायची आणि मांडीवर चढून पुढच्या पंजांनी कणीक मळल्यासारखी त्यांची साडी तुडवत बसायची. पिल्लं आईला पिताना करतात, तसं. एके दिवशी तिनं मेलेला उंदीर आणून नीलाबाईंच्या चपलेवर ठेवला. नीलाबाईंनी नाक धरून तो चिमट्यानं उचलला, पण तिला रागावल्या नाहीत. अण्णांचं तोंड मात्र एवढंसं झालं.

“खाऊ घालायलो मी, आन आहेर हिला.”

त्यांना एवढंच हवं होतं, खारीनं एकदा आपणहून त्यांच्या मांडीवर यावं. मी सुरुवातीला हसलो. पण गिऱ्हाइकाला तूरडाळीऐवजी हरभराडाळ बांधून देताना त्यांना पाहिलं आणि वाईट वाटलं. मांजराच्या पायी माणूस खरोखर खंगत चालला होता.

शेवटी नीलाबाईंनाच दया आली. “तुमी तिच्याकडं टक लावून बघताव. नवी सून दारात यावी आन साऱ्या गल्लीनं तोंडाकडं बघावं, तसं होतंय तिला. बघायचंच तर डोळे हळू मिटा, हळू उघडा. आन उचलू नका. यायचं का न्हाई, तिला ठरवू द्या.”

“आन न्हाई आली तर?”

“तर न्हाई आली.”

हे अण्णांना फार जड गेलं, पण त्यांनी मनावर घेतलं. गादीवर बसून ते डोळे मिटायचे, उघडायचे. खारी वरच्या फळीवर आणि फळीखाली साबण घ्यायला आलेल्या गीताबाई. गीताबाईंनी साबण तिथंच ठेवला आणि तडक नीलाबाईंकडं तक्रार नेली. पेठेत पुढचे काही दिवस दुसरा विषय नव्हता. अण्णांनी तरीही डोळे मिटणं सोडलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी मी त्यांच्याकडं सुटे पैसे मागायला गेलो, तेव्हा खारी गादीवर आली होती. तिनं अण्णांचा गुडघा हुंगला, एक गिरकी घेतली आणि मांडीवर बसली. अण्णांनी श्वास रोखला. नेमकी तेव्हाच दारात वीरेशची गाडी थांबली.

अण्णा उठले नाहीत. “ये. पाणी आत हाय,” एवढंच कुजबुजले. चहा नाही, ‘किती दिवस राहणार?’ नाही. वीरेशचा चेहरा उतरला. तो धावत आत गेला.

“आई, अण्णांना काय झालंय?”

“काय न्हाई. मांजर बसलंय.”

त्याला ते पटलं नाही. शेजारच्या औषधांच्या दुकानातून तो रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आला. अण्णांनी मांडी न हलवता एक दंड पुढं केला. रक्तदाब व्यवस्थित होता. मग वीरेश तिथंच पोत्याला टेकून बसला. कुणी काही विचारत नाही म्हटल्यावर हळूहळू आपणच बोलायला लागला, ऑफिसातली कटकट, घरमालक, गुडघेदुखी. अण्णांच्या ओठांवर पुन्हा पुन्हा तो प्रश्न यायचा, मला दिसत होता. ते पंख्याकडं बघायचे आणि गिळून टाकायचे.

ऊन उतरलं तसे वीरेशनं बूट काढले. “आई, माझ्याबी भाकरी टाक,” त्यानं आत हाक दिली. “रविवारपर्यंत हाय मी.” आणि तो हातपाय धुवायला गेला.

अण्णांचे डोळे भरून आले. “पायाला लई मुंग्या आल्यात,” ते मला हळूच म्हणाले.

“मग उठवा की तिला.”

“नको,” अण्णा म्हणाले. “दोघंबी आपल्या मनानं थांबलेत.”