मसणातलं वेल्डिंग

नवऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये असताना ग्रामपंचायतीतून फोन आला. स्मशानातल्या दाहिनीचा, म्हणजे लाकडं रचायच्या लोखंडी घोड्याचा, एक पाय आगीने वाकून तुटला होता. नवरा म्हणाला, "हात बरा झाला की करतो." मी शेजारीच खिडकीचं ग्रिल जोडत होते. तोंडावरची काच बाजूला केली आणि म्हणाले, "उद्या येते म्हणावं."

मिरजगावात हायवेला आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. लग्नानंतर मी नवऱ्याचा डबा घेऊन यायची. मग लोखंडी अँगल धरायला लागले, मग वेल्डिंगचा रॉडच हातात घेतला. एकदा उघड्या डोळ्यांनी ठिणगीकडे बघितलं, तर डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं झालं. सासरे म्हणाले, "फिटली हौस?" नाही फिटली. नवऱ्याने शिकवलं, रॉड काडेपेटीसारखा ओढायचा, लगेच किंचित उचलायचा आणि कान द्यायचा. टाका नीट बसत असला की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. तडतड झाली की समजायचं, हात चुकतोय.

पण स्मशान म्हटल्यावर सासरे उठून उभेच राहिले. "बाईमानसानं मसनात जायचं नसतंय."

"मामा, तिथं मी रडाया चालले न्हाई. काम हाय."

"लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या. त्यातल्या कुनाला वेल्डिंग येत आसंल तर त्यांनी जावं."

सकाळी टेम्पोत मशीन घातलं. नवरा गळ्यात हात अडकवून पुढे बसला. स्मशानात लाईट नव्हती. शेजारच्या शेतातले म्हातारेबुवा आपल्या विहिरीवरच्या मोटारीवरून वायर द्यायला आधी तयार होते. काम करणार मी, हे कळल्यावर त्यांनी वायर गुंडाळायलाच घेतली.

"बाई आत जानार आसंल तर माझी लाईट न्हाई."

नवरा काहीतरी समजुतीचं बोलायला लागला. मी म्हणाले, "तुमी हात जोडू नका. एक हात तसाबी प्लास्टरातच हाय." आम्ही टेम्पो फिरवला, मंडपवाल्याकडून जनरेटर आणला.

परत आलो तेव्हा रस्त्यावर बघे जमले होते. आत कुणी येईना. मी आधी ग्राइंडर लावला. गंजावर आणि काजळीवर वेल्डिंग धरत नाही, लोखंड पांढरं चमकेपर्यंत घासावं लागतं. राख उडून नाकातोंडात गेली. तेव्हा मात्र हात थांबला. माहेरी काष्टीला माझे वडील गेले, त्या वेळी बायकांनी मला वेशीपाशीच धरून ठेवलं होतं. मी हिसके देत होते आणि ते पुढे निघून गेले. ते शेवटी कुठे टेकले, ते मी कधीच पाहिलं नाही. अशाच एखाद्या घोड्यावर.

नवऱ्याने विचारलं, "जमंल का? का जाऊ या घरी?"

"अर्थिंग लावा," मी म्हणाले.

वाकलेला पाय कापून काढला, जाड अँगलचा नवा बसवला. आधी चारी बाजूंनी छोटे टाके मारून गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघितलं, मग पूर्ण भरलं. वरची काळी खपली हातोडीने उडवली. खाली टाका सलग होता, कुठे भोक नाही. आडव्या पट्ट्यांचे कच्चे सांधेही भरून घेतले. ते कुणी सांगितलं नव्हतं. मग मीच घोड्यावर चढून उभी राहिले. रस्त्यावर कुजबुज झाली. मी दोनदा जोरात पाय आपटले. घोडा हलला नाही.

घरी आलो तर सासरे दारात तांब्या घेऊन उभे. माझी अंघोळ होईपर्यंत ते तिथेच थांबले. मग मशीनवर गोमूत्र शिंपडायला निघाले. मी मशीनपुढे आडवी उभी राहिले.

"मामा, माझ्यावर किती बी शिंपडा. ह्याच्यावर थेंब पडला तर ते जळंल."

"इटाळ झालाय त्याला."

"त्यानं काम केलंय."

 सासरे तांब्यातलं सगळं तुळशीजवळ ओतून आत गेले. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलायला गेले नाही.

त्यानंतर शेजारच्या गावचा एक माणूस दुकानात आला. त्यांच्या स्मशानातल्या शेडचा खांब सुटला होता. मला ओलांडून आत बघत त्याने विचारलं, "मालक कुठंयत?"

आतल्या खुर्चीवर सासरे बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "तिलाच सांगा. मसनातलं काम तीच करती."

"खांब केवढा हाय?" मी विचारलं आणि टेप उचलली.