डोंगराकडच्या सळ्या

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती, लोखंडाची टंचाई होती. मार्गासनीहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका वळणावर डोंगराची माती सारखी उतरायची. ती अडवायला काँक्रीटची भिंत घालायची होती आणि तिच्यातल्या सळ्या बांधायचं काम माझ्याकडं आणि माझ्या जोडीदाराकडं होतं. ते भोरचे, वयानं थोर, म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचो.

दिवसभर वाकून तारेच्या गाठी मारायच्या. उन्हानं सळ्या हाताला चटके द्यायच्या. संध्याकाळी भाकरी मोडायचीही ताकद बोटांत उरत नसे. डोंगराकडच्या सळ्या चाचा स्वतः बांधत. त्या बाजूला, सळ्यांची जाळी आणि कापलेली दरड यांच्यामध्ये, माणूस जेमतेम मावायचा.

वळीव पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी दरड सुटली. आवाज फारसा झालाच नाही. मी वळून पाहिलं, तर जाळी माझ्याकडं कलली होती आणि चाचा कमरेपर्यंत मातीत, सळ्यांवर दाबले गेलेले.

मी छिन्नी-हातोडा घेऊन धावलो.

"सळई तोडू नगंस," ते धापा टाकत म्हणाले. "दुसरी कुठनं आणणार? गाठी सोड."

"आन तुमी?"

"मी हाय हितंच. कुठं जातोय?"

मग आम्हीच घट्ट आवळलेल्या गाठी मी एकेक करून तोडत गेलो. पाट्या टाकणाऱ्या बायांनी हातांनी माती उपसली. आडव्या सळ्या निघाल्यावर उभ्या सळ्या आम्ही मिळून फाकवल्या आणि चाचांना ओढून काढलं. पाय मांडीत मोडला होता. बैलगाडीतून त्यांना भोरला नेलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "वाकलेल्या सरळ करा. नवीन लोखंड येणार न्हाई."

केल्या. डोंगराकडं आता मी शिरलो. पाठीला ओली दरड लागायची आणि मान सारखी वर जायची. भीतीसुद्धा दोन दिवसांत थकली. मग नुसत्या गाठी मारत राहिलो.

भिंत ओतून झाल्यावर चाचांना भेटायला गेलो. पायाला फळ्या बांधून ते ओसरीवर पडले होते. त्यांच्या बायकोनं चहा दिला.

"परत याल का कामावर?" मी विचारलं.

"न्हाई रं," ते म्हणाले. "पाय जुळला तरी न्हाई. लई झालं आता."

मला त्यांचा हेवा वाटला. दुसऱ्या सकाळी मला पुढच्या वळणावर हजर व्हायचं होतं.