कडी लावलेले गोदाम
ती दुपार मी आजही विसरलेलो नाही. मी तेव्हा जळगावला फौजदार होतो. शहरात येणाऱ्या मालावर जकात लागायची, ते दिवस. शहरातून नुसत्या पुढे जाणाऱ्या ट्रकला जकात नसे. वाटेत माल उतरू नये म्हणून नाक्याचा शिपाई चालकाशेजारी बसून त्याला दुसऱ्या नाक्यापर्यंत पोहोचवी.

असाच एक शिपाई धुळ्याकडून आलेल्या तुरीच्या ट्रकवर बसला आणि गायब झाला. डबा घेऊन नाक्यावर गेलेली त्याची बायको रडत ठाण्यात आली. ट्रक दुसऱ्या नाक्यावर पोहोचलाच नव्हता.

मिसिंगची नोंद होतेय तोवर शहरातल्याच एका डाळगिरणीतला हमाल खबर घेऊन आला, ट्रक तिथे खाली झाला होता. चालकाला आम्ही चहाच्या टपरीवरून उचलले.

"तो वाटमाच उतरी गया, साहेब," चालक म्हणाला. विचारायच्या आत उत्तर तयार! खोटे बोलणाऱ्याला नेहमीच घाई असते. दरडावले, समजावले; गडी तेच घोकत राहिला.

हमाल जबाब देऊन बाकावर बसला होता. "गिरणीत काम नाही का रे?" मी सहज विचारले.

"गिरणी चालू शे, पण हमालले काम नही, साहेब. मागला गोदाममा खिडकीमाईन किडाना गोळ्या टाक्यात. पुढली-मागली बठ्ठी दारे चिकटपट्ट्या लाईसन बंद."

चालक ताडकन उठला. "साहेब, तो मझार शे, गोदामात! माल उतरू देत नव्हता, मी कडी लाई दिधी!"

त्या गोळ्यांचा वायू माणूस मारतो. जीप गिरणीकडे पळत होती. त्याच्या बायकोला काय सांगायचे, एवढेच डोक्यात घोळत होते.

पट्ट्या फाडून कडी काढली. लसणासारखा उग्र वास आला. थप्पीमागे, मागच्या दाराच्या फटीवरची पट्टी आतून ढकलून, फटीला तोंड लावून तो पडला होता. गिरणीच्या खडखडाटात त्याच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नव्हत्या. श्वास चालू होता.

तो वाचला. इस्पितळात मी चिडूनच विचारले, "चालक गप्प बसायला पैसे देत होता ना? जीव मोठा की जकात?"

"साहेब, सकाळी एका बाईच्या डोक्यावरच्या पाटीची जकातीची पावती फाडली. ती हातापाया पडत होती. मग ट्रकवाल्याले कसा सोडू?"

कर थोडा की फार, हे लोक सोसतात. शेजाऱ्याला माफ आणि आपल्याला लागू, हे सोसत नाहीत. नोकरीत हे मला कुणी शिकवले नव्हते. चालकाला शिक्षा झाली. तूर ज्याची होती, त्या व्यापाऱ्याने दंडासकट जकात भरली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडले. शिपाई बरा होऊन नाक्यावर परतला, पण पुन्हा कुठल्या ट्रकमध्ये चढला नाही. त्याला चढवा, असे सांगायची माझीही छाती झाली नाही.