आत्यानं अर्ध्यावर सोडलेलं लेमन कर्ड

आत्या गेली त्याला आता पाच आठवडे झाले. बाबांचा फोन आला तेव्हा मी खामगावातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत केकचा वरचा थर बसवत होते. "ये लवकर," एवढंच ते म्हणाले, आणि मग फोनमधून नुसता दवाखान्याचा गलका येत राहिला... त्याच्या दोन तास आधी आत्याच्या छातीत दुखायला लागलं होतं. शेगडीवर लेमन कर्ड, केकमध्ये भरायचं लिंबाचं सारण, शिजत होतं. आईबाबा तिला ऑटोत बसवत होते, मी चप्पल शोधत होते. ती मागे वळून म्हणाली, "तू कुठं निघाली वं? हलवत राह्य. फाटलं तं सारं वाया जाईन. मी येतोच." ऑटोत अजून एक जागा होती. मी मागे फिरले आणि चमचा हातात घेतला.

रेखाआत्या बाबांची मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही, आमच्यासोबतच राहायची. घरच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, म्हणून तिनं पडवीत वेगळी शेगडी, वेगळी भांडी मांडली आणि तिथून ओळखीच्या घरांमध्ये केक द्यायला लागली. पाहुणे आले की मी तिथंच जाऊन बसायचे. "इतकी इंग्रजी शिकली अन् तोंडातून आवाज निघत नाही. कोणासाठी जपून ठेवून राह्यली?" असं चिडवायची, पण बोलायला कधी लावायची नाही. हातात लिंबू आणि किसणी द्यायची.

लेमन कर्ड आमच्याकडे आलं ते माझ्या मोबाइलवरच्या एका इंग्रजी व्हिडिओतून. त्यातली बाई काय म्हणते ते मी मराठीत सांगायचे, आत्या करायची. पहिल्या वेळी आच मोठी राहिली आणि बलकांच्या गुठळ्या झाल्या. मी घाबरले. आत्यानं चमचाभर तोंडात टाकलं. "हे तं लिंबाची भुर्जी झाली! तुयी बाई इंग्रजीत हेच सांगत होती काय?" ती भुर्जी आम्ही दोघींनी पावासोबत खाल्ली, खरंच. मग तिनं स्वतःची रीत बसवली... उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर स्टीलचं भांडं, त्यात पिवळे बलक, साखर, कागदी लिंबाचा रस आणि वरच्या सालीचा कीस. आतली पांढरी साल आली की कडू होतं. चमचा थांबवायचा नाही. दाट झालं की उतरवून लोणी घालायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं. केकच्या थरावर कडेनं क्रीमचं उंच कडं काढायचं आणि मधे कर्ड भरायचं, म्हणजे ते बाहेर वाहत नाही. त्या कड्याला ती शेतातल्यासारखा बांध म्हणायची. "आंधी बांध घाल, मंग भर."

त्या दिवशी मी सगळं तसंच केलं. कर्ड कधी नव्हे इतकं छान झालं. ताटात पसरून गार केलं, बांध घातला, भरलं. त्या दोन तासांत मला आनंद होत होता, हेही लिहायला हवं. ती आली की दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं.

मी पोचले तेव्हा तिच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. आईनं नंतर सांगितलं, ऑटोत ती एकच विचारत होती, "पोरीनं उतरवलं असंन ना? फाटलं तं नसंन?" मग बोलली नाही...

केक गल्लीतल्या एका काकूंच्या वाढदिवसाचा होता. दुसऱ्या दिवशी त्या भेटायला आल्या, रडल्या, आणि जाताना दारात हळूच म्हणाल्या, "केकचं मनात आणू नको बाई. सुतक हाय, आता आम्हाले नेता येत नाही." त्यांचं बरोबरच होतं. सुतकातल्या घरचं कोणी खात नाही. मला ते माहीत होतं, आणि तरी सुचलं नव्हतं. आम्हीही कोणी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी तो मागे नेऊन कुत्र्यांपुढे टाकला. वरचा थर घसरला आणि आतलं पिवळं दिसलं. एकही गुठळी नव्हती. ज्याच्यासाठी मी तिच्यासोबत गेले नाही, ते कोणी चाखलंसुद्धा नाही.

तू असतीस तरी काय झालं असतं, असं सगळे म्हणतात. काही झालं नसतं. पण तिनं विचारलं तेव्हा उत्तर द्यायला मी तिथं असते. "नाही फाटलं, आत्या." एवढंच. मला बोलता येत नाही म्हणतात, पण हे मी बोलले असते.

परवा आईनं पडवीतल्या फ्रीजरमधून एक डबा काढला. पिवळे बलक वापरले की उरलेलं पांढरं आत्या असं गोठवून ठेवायची. त्या सकाळीही तिनंच अंडी फोडली होती. झाकणावर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'पांढरं, आठ'. "हे कधीचं हाय? फेकून देऊ काय?" आईनं विचारलं. मी "नाही" म्हणाले, इतक्या जोरात की बाबा बाहेरून आत आले. डबा मी परत आत ठेवला. त्याचं काय करायचं, मला माहीत नाही. त्यातून कर्ड होत नाही. पण लाइट गेली की मी फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभी राहते. लाइट येईपर्यंत कोणाला उघडू देत नाही.