दिगूचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट कळत नाही.

मी आणि दिगंबर, दोघं चिखलीतले पेंटर. एकाच उस्तादाजवळ ब्रश धरायला शिकलो. दुकानांच्या पाट्या, ट्रकची पाठ, निवडणुकीच्या भिंती — सगळं आम्हीच रंगवायचो. माझं अक्षर लांबून ओळखू येतं, असं लोक म्हणायचे. मग रेडियमची चिकटवायची अक्षरं आली, पाठोपाठ फ्लेक्स. माझ्या पाट्या उतरू लागल्या. दिगूनं मात्र काळ ओळखला. कॉम्प्युटर घेतला, फ्लेक्सचं दुकान टाकलं.

एका दुपारी त्यानं मला बोलावून घेतलं. पडद्यावर माझीच अक्षरं होती. माझा पोट सुटलेला 'क', माझा शेपटीवाला 'ळ'. जुन्या पाट्यांचे फोटो काढून त्यानं त्यांचा फॉन्ट बनवला होता.

"आता कोनीबी तुह्यासारखं लिहू शकते," तो हसत म्हणाला.

मी खूश होईन, असं त्याला वाटलं असेल का? असेलच. पण माझ्या डोक्यात नुसती आग.

मी बाहेर आलो. मागोमाग तोही आला आणि उंबऱ्याशी उकिडवा बसून शटरच्या पट्टीत अडकलेला कचरा काढू लागला. उजवा हात पट्टीवर होता. मी शटर खाली ओढलं. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तेवढ्यावर थांबलो असतो तर — पण नाही. मी शटर वर केलं आणि पुन्हा आपटलं. बोटांचा चेंदा झाला. पायरीवरून रक्त खाली ठिबकत होतं. आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटलं.

"काऊन बे?" एवढंच त्यानं विचारलं.

मग मीच त्याला जीपमध्ये घालून बुलडाण्याला नेलं. डॉक्टरांना सांगितलं, शटर निसटलं. दिगू भिंतीकडे बघत राहिला. त्यानं खोडून काढलं नाही. का नाही? मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत कुठून आणू?

गावात माझंच नाव झालं. वेळेवर नेलं म्हणून हात वाचला, म्हणाले. हात वाचला, बोटं गेली. वर्षभरात त्याचं दुकान बसलं. त्याचा कॉम्प्युटर मीच विकत घेतला. आज चिखलीत माझ्या अक्षरातल्या पाट्या पुन्हा दिसतात, त्या त्याच फॉन्टातल्या.

वहिनी, म्हणजे दिगूची बायको, दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात — "भाऊजी, तुमी होते म्हणून." मी तो डबा घेतो. चकली खातो. सगळी खातो.